पांढरीखालचे गाव : खानदेशातील उत्खनन-लेखनाची एक समीक्षा

प्रास्ताविक

रोममधील सान क्लेमेंते हे चर्च रस्त्याच्या पातळीवर पाहिले तर बाराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. आतील जिन्याने खाली उतरले की चौथ्या शतकातील जुने चर्च लागते. तेथून आणखी एक जिना उतरल्यावर पहिल्या शतकातील रोमन इमारतींच्या भिंती, त्यांच्यामधील अरुंद बोळ आणि मिथ्र देवतेचे देवालय दृष्टीस पडते. अगदी तळाशी जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. जोसेफ मलूली या आयरिश धर्मगुरूने १८५७ मध्ये येथे खोदकाम आरंभिले. आज कोणीही प्रवासी तिकीट काढून दोन हजार वर्षे खाली उतरू शकतो. मराठी वाचकाला असे अवशेष प्रवासवर्णनांतून घरबसल्या भेटत आले आहेत; मीना प्रभू यांचे ‘रोमराज्य’ हे त्यांतील सर्वपरिचित उदाहरण होय. कमान, स्तंभ आणि जिना ही अवशेष ओळखण्याची खूण या लेखनाने मराठी मनात पक्की केली.

खानदेशात असा जिना नाही. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निर्माण होईपर्यंत प्रकाशे धुळे जिल्ह्यातच होते. या दोन्ही ठिकाणी जमिनीखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीपर्यंतच्या वसाहतींचे थर आहेत, दोन्ही ठिकाणी १९५० नंतरच्या दशकात शास्त्रशुद्ध उत्खनन झाले आहे. तरीही चाळीसगावहून पितळखोऱ्याला किंवा पाटणादेवीला जाणारी महाविद्यालयीन सहल सहसा बहाळकडे वळत नाही, आणि प्रकाशे येथे जाणारा भाविक ‘दक्षिण काशी’ म्हणून तापीत स्नान करतो, देवदर्शन घेतो व परततो. याचा दोष सहलीला किंवा भाविकाला देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. तेथे त्यांना पाहण्यासारखे काही उरलेले नाही. जे उरले आहे ते लेखनात आहे, आणि म्हणून या लेखनाची समीक्षा पुरातत्त्वज्ञांवर न सोडता वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही केली पाहिजे. उत्खननाचा अहवाल वाचकाला गावाखाली नेतो काय, हा या समीक्षेचा निकष आहे.

काळी आणि पांढर

या प्रश्नाचे मूळ मातीत आहे. सान क्लेमेंतेचे जुने चर्च सुमारे ११०० मध्ये राडारोड्याने भरून टाकण्यात आले व त्याच्यावर नवे उभारले गेले. दगड-विटांच्या भिंती व स्तंभ तसेच राहिले. एकोणिसाव्या शतकात भराव काढताच पूर्वीची पोकळी पुन्हा मोकळी झाली. खानदेशातील घर मातीचे. ते पडते तेव्हा त्याची भिंत पुढच्या घराची जमीन होते. चुलीची राख, शेणाचे सारवण, धान्याचा कोंडा, गुरांची हाडे, फुटक्या मडक्यांची खापरे यांच्या एकमेकांवर बसलेल्या थरांतून टेकाड वाढत जाते. त्याच्या पोटात पोकळी नसते. जुने गाव हीच नव्या गावाची जमीन असते. तिच्यात उतरायचे तर ती खोदूनच काढावी लागते, आणि खोदली की ती राहत नाही.

मराठी भाषेने ही गोष्ट पुरातत्त्वशास्त्र जन्माला येण्यापूर्वीच नोंदवून ठेवली आहे. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढर. मोल्सवर्थच्या कोशातही हा भेद नोंदलेला आहे. वस्तीच्या राखेने आणि कुजलेल्या पदार्थांनी मातीला जो राखाडी-पांढरट रंग येतो त्यावरून हे नाव पडले. पांढर म्हणजे अनेक पिढ्यांच्या राहण्याने तयार झालेली माती. महसुली दप्तरात ‘गावठाण’ हा शब्द रूढ झाल्यावर ‘पांढर’ लोकभाषेत मागे राहिली. तथापि ‘गावठाण’ केवळ जागा सांगते आणि ‘पांढर’ काळ सांगते, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पुरातत्त्वाच्या इंग्रजी लेखनातील ‘वसाहतीचे थर’ या पदासाठी मराठीत कृत्रिम प्रतिशब्द घडविण्यात बरीच शक्ती खर्च झाली. हा तयार शब्द मात्र परिभाषेत प्रतिष्ठित झाला नाही.

त्यामुळे खानदेशात एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. उत्खननात थर नाहीसे होतात, खड्डे पुन्हा बुजविले जातात, वस्तू संग्रहालयात व भांडारात जातात. अहवाल हाच मग एकमेव अवशेष उरतो. तो नीट लिहिला गेला नाही, अथवा ज्या भाषेत वाचला जावा त्या भाषेत आला नाही, तर गावाखालचे गाव दुसऱ्यांदा पुरले जाते.

प्रकाशे : छेदचित्राची भाषा

प्रकाशे येथील उत्खनन बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये केले आणि त्याचा अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘एन्शन्ट इंडिया’ या नियतकालिकाच्या २०-२१ या जोडअंकात प्रसिद्ध झाला. थापर हे मॉर्टिमर व्हीलर यांच्या तालमीत तयार झालेल्या पिढीतील होत. थर वेगळे करणे, प्रत्येकाला क्रमांक देणे, खड्ड्याच्या उभ्या भिंतीचे म्हणजे छेदाचे मोजून चित्र काढणे ही त्या तालमीची शिस्त. या शिस्तीचे यश प्रकाशे येथील अहवालात स्पष्ट दिसते. वस्तीचे चार कालखंड तेथे वेगळे करण्यात आले. पहिला ताम्रपाषाणयुगीन, त्याचेही दोन टप्पे आणि दुसऱ्या टप्प्यात जोर्वे पद्धतीच्या मृद्भांड्यांचे आगमन; दुसरा लोखंडाचा व काळ्या-तांबड्या भांड्यांचा; तिसरा सातवाहनकाळापासून पुढच्या काही शतकांचा; चौथा पूर्वमध्ययुगाचा. तापी खोऱ्याचा प्राचीन कालक्रम प्रथम खात्रीने मांडला गेला तो येथे. पुढे सावळदे, कवठे इत्यादी ठिकाणी जे काम झाले त्याला तुलनेसाठी प्रकाशे हे मानदंड ठरले.

वाङ्मयीन दृष्टीने पाहता अहवालाच्या रचनेत मात्र एक मोठी उलटापालट आहे. खोदणारा वरून खाली जातो. त्याला प्रथम अलीकडचे खापर सापडते, मग सातवाहनांचे, मग लोखंड, आणि सर्वांत शेवटी नदीच्या गाळावर उभी राहिलेली पहिली झोपडी. अहवाल मात्र तळापासून सुरू होतो. पहिला कालखंड सर्वांत जुना, शेवटचा सर्वांत अलीकडचा. शोधाचा क्रम पुसला जातो आणि त्याच्या जागी इतिहासाचा क्रम येतो. शास्त्राला हे सोयीचे आहे, यात वाद नाही. पण वाचक ज्या गावात उभा आहे तेथून त्याला खाली नेण्याऐवजी त्याला एकदम तळाशी ठेवले जाते, आणि जिवंत गाव लेखनाच्या बाहेर राहते. संकालिया, देव, अन्सारी व एरहार्ट यांच्या नेवाशाच्या अहवालाने (१९६०) निदान शीर्षकात तरी हा क्रम राखला. ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असे त्याचे नाव आहे. शीर्षकातील हे एक पाऊल साधे दिसले तरी ते वाचकाच्या बाजूने टाकलेले आहे.

अहवालाच्या वाक्यरचनेचाही विचार व्हावा. या प्रकारच्या इंग्रजीत माती ‘देते’, थर ‘पुरवितो’, भांडी ‘आढळतात’. कर्ता बहुधा नसतोच. ऋणनिर्देशात अधिकारी, छायाचित्रकार, रेखनकार यांची नावे येतात आणि टिकाव-फावड्याने थर मोकळे करणारे सारे हात सहसा ‘मजूर’ या एका शब्दात मावतात. वास्तविक कडक माती कोठे मऊ झाली, राख कोठे सुरू झाली हे प्रथम त्या हातांना कळते. ‘पांढर’ हा शब्द त्यांच्या बोलीत होता. तो अहवालात शिरला असता तर परिभाषा बिघडली नसती.

एवढे म्हटल्यावर थापरांच्या छेदचित्राचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. निवेदन जेथे वाचकाला सोडून देते तेथे हे चित्र त्याला धरून ठेवते. वरची ओळ आजची जमीन, खाली एकाखाली एक रेषा, मध्येच कोणी खणलेला खड्डा, कोठे राखेचा पट्टा, सर्वांत खाली नैसर्गिक माती. हे चित्र वरूनही वाचता येते आणि खालूनही. खानदेशातील पांढरीच्या दर्शनाचा जिना कोठे असेल तर तो या चित्रात आहे.

बहाळ आणि पाटणे : दोन विद्यांमधील भिंत

बहाळचे उत्खनन म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ या हंगामांत केले. नदीपलीकडील टेकवाडे येथे त्याच प्राचीन वस्तीशी संबंधित दफने मिळाली. जिवंतांचे गाव एका तीरावर आणि मृतांचे दुसऱ्या, हे दृश्य कोणत्याही वाचकाच्या मनात राहण्याजोगे आहे. पण बहाळची ओळख मुख्यतः वार्षिक आढाव्यातील संक्षिप्त नोंदींमधून होते. या नोंदी नेमक्या आहेत आणि कोरड्याही आहेत. त्याच देशपांड्यांनी पितळखोरे येथील लेण्यांवर १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला दीर्घ निबंध शेजारी ठेवला तर फरक ठळक होतो. तेथे यक्षमूर्तीच्या तळहातावर कण्हदास या सुवर्णकाराचे नाव आहे, दानलेखांत पैठणच्या गंधिकाचे नाव आहे. नावे असल्याने निवेदनाला माणसे मिळतात. बहाळच्या टेकाडात खापरे आहेत, नावे नाहीत. लेखनाची कसोटी अशा निनावी जागीच लागते आणि तेथेच ती नोंद आखडती होते.

बहाळला नावेही आहेत, पण ती दुसऱ्या विद्येच्या कपाटात आहेत. यादव सिंघणाच्या काळातील शके ११४४ चा शिलालेख या गावी आहे. भास्कराचार्यांच्या घराण्यातील अनंतदेव या राजज्योतिष्याने येथे देवीचे मंदिर बांधल्याचे तो सांगतो. कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात त्याचे वाचन दिले. शिलालेखज्ञाने बहाळचा वरचा थर वाचला, उत्खननकाराने खालचे. दोघांचे गाव एकच असूनही लेखनात त्यांची गाठ पडत नाही. पाटणे येथे हे अधिकच तीव्रतेने जाणवते. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला, १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे सांगतो. त्याच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. त्याच पाटण्याच्या परिसरात एस. ए. साळी यांना उत्तर पुराश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. त्यांपैकी एकावर रेघांचे कोरीवकाम आहे आणि त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. महाविद्यालयात पहिली गोष्ट गणिताच्या आणि मराठीच्या विभागात सांगितली जाते, दुसरी सांगितलीच तर इतिहासाच्या. कवचावर समांतर रेघा ओढणारा हात आणि सिद्धान्तग्रंथ शिकविणारा मठ यांना एकाच परिसराची गोष्ट म्हणून सांगणारे मराठी पुस्तक पाटण्याला लाभले पाहिजे.

थराला दिलेले रोमचे नाव

खानदेशातून रोमचा विषय पूर्णतः परका नाही. ‘पेरिप्लस’च्या ग्रीक लेखकाने बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण असल्याचे म्हटले आहे. तापी ओलांडून आणि सातमाळा-अजिंठ्याच्या घाटांतून गेल्याशिवाय हा प्रवास होत नाही. म्हणून या पट्ट्यातील सातवाहनकालीन थर खोदताना उत्खननकाराची नजर रोमच्या खुणा शोधीत असे. नेवाशाच्या अहवालात तर एका संपूर्ण कालखंडाला ‘इंडो-रोमन’ असे नाव आहे. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्रॉन्झची लहान मूर्ती १९४५-४६ मधील तेथील उत्खननापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध झाली.

या नामकरणाकडे वसाहतवादी मनोवृत्ती म्हणून बोट दाखविण्याची प्रथा पडली आहे. ती पुरेशी नाही. त्या काळात भारतीय थरांना तारीख देण्याचे साधनच अपुरे होते. इटलीत घडलेल्या भांड्यांची तारीख मात्र काही दशकांच्या अंतरात सांगता येत असे. व्हीलर यांनी १९४५ मध्ये अरिकामेडू येथे रोमन भांड्यांच्या आधारे दक्षिण भारतातील थरांची कालनिश्चिती केली आणि रोमन खापर ही सर्वत्र खुंटी झाली. तिच्यावर आपापला कालक्रम टांगावा. पुढे कर्ब-१४ पद्धत आल्यावर खुंटीची गरज कमी झाली, पण नाव राहिले. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. रॉबर्टा टॉम्बर यांच्या २००० नंतरच्या अभ्यासातून असे दिसून आले की पश्चिम भारतात रोमन अँफोरा म्हणून नोंदलेली अनेक खापरे वस्तुतः मेसोपोटेमियाकडील निमुळत्या तळाच्या रांजणांची आहेत. म्हणजे ज्या वस्तूमुळे थर ‘रोमन’ झाला त्या वस्तूंतील काही रोमन नव्हत्याच. परक्या वस्तूच्या कौतुकात त्याच थरातील चूल, जाते, धान्य, खेळणे यांचे वर्णन आखडते घेतले गेले असेल, तर ते नुकसान फक्त शास्त्राचे नाही. वाचकाला आपल्या पांढरीत रोम दाखविला गेला आणि पांढर दाखवायची राहून गेली.

मराठीत उतरण्याचे दोन प्रयत्न

सावळदे संस्कृतीच्या भांड्यांवर बाण, भाले, मासे, प्राणी रंगविलेले आहेत. धुळे जिल्ह्यातील कवठे येथे धवलीकर, शिंदे व अत्रे यांनी याच संस्कृतीची वस्ती खोदली आणि तिचा अहवाल १९९० मध्ये आला. तोही इंग्रजीतच आहे. त्या त्रयीतील म. के. धवलीकर यांनी पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ (२०११) लिहिली तेव्हा ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्याला प्रथमच घरच्या भाषेत मोठा वाचक मिळाला. ‘कुळकथा’ हा शब्द येथे नेमका आहे. अहवालातील ‘संस्कृती’ कोणाची नसते. कूळ कोणाचे तरी असते. धवलीकरांची भाषा प्राध्यापकी वळणाची असली तरी ती मोकळी आहे, आणि पाऊस कमी होत गेल्याने शेतकरी गाव सोडून अर्धभटके झाले हा त्यांचा सिद्धान्त दुष्काळ पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र हे लेखन सर्व महाराष्ट्राचे आहे. एका टेकाडावर थांबून राहणे त्याला शक्य नव्हते.

थांबणे जमले आहे ते कादंबरीला. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) मधील खंडेराव हा खानदेशातील मोरगावचा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. कादंबरी सुरू होते मोहेंजोदडोच्या उत्खननात आणि तो वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडे निघतो. सिंधूकाठी फावडे चालते, मोरगावी स्मरण. वाडा, भाऊबंदकी, बायकांचे दुःख, भटक्यांचे तांडे, जुने पंथ यांच्यातून तो वरून खाली जात राहतो. अहवालाने जो शोधाचा क्रम पुसला तो कादंबरीने परत आणला, आणि त्याबरोबर अहवालाबाहेर राहिलेले जिवंत गावही आले. ‘अडगळ’ हा शब्द तर पांढरीचाच जवळचा नातलग म्हणावा लागेल. टाकवत नाही म्हणून साठत गेलेले, आणि साठले म्हणून पुढच्यांच्या पायाखाली आलेले, असे दोहोंचे स्वरूप आहे.

तरीही नेमाड्यांकडून एक अपेक्षा अपुरी राहते. उत्खननशास्त्राची कठोरता ही की एक थर दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही; उंदराच्या बिळाने वरचे खापर खाली गेले तर त्याचीही नोंद करायची. कादंबरीत थर मुक्तपणे मिसळतात. बहुतेक ठिकाणी ते तिचे बळ आहे, परंतु काही ठिकाणी निवेदकाचे आजचे मत प्राचीनांच्या तोंडी गेल्यासारखे वाटते. तेथे पुरातत्त्वज्ञ नायक असूनही छेद काढणारा हात सुटतो. थापरांकडे छेद आहे, माणसे नाहीत. नेमाड्यांकडे माणसे आहेत, छेद कधी कधी नाही. यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न अप्रस्तुत आहे, कारण वाचकाला दोन्ही एकत्र हवे आहेत आणि ते अद्याप एका पुस्तकात आलेले नाहीत.

दरम्यान टेकाडे झिजत आहेत. पांढरीची माती खतासारखी कसदार असते, म्हणून ती पूर्वीपासून शेतात नेऊन टाकली जात असे. पाणी खाली झिरपू देत नाही म्हणून धाब्याच्या घरांवर चढविली जात असे. त्या बैलगाडीच्या वाहतुकीला मर्यादा होती. यंत्राने माती उचलली जाऊ लागल्यावर ती मर्यादा राहत नाही. ज्या शेतात ती पडते तेथे नांगराला खापऱ्या आणि पहिल्या पावसानंतर पोरांना मणी सापडतात. ते पितळखोऱ्याच्या यक्षाइतकेच जुने असू शकतात, कधी त्याहून कितीतरी अधिक. त्या शेतमालकाला थापरांचे छेदचित्र मराठी खुणांसह, ‘पांढर’ हा शब्द वरच्या रेषेवर लिहून, गावच्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाहता आले, तर माती उचलण्यापूर्वी तो काय उचलतो आहे हे त्याला कळेल. चित्र तयार आहे. त्याचे मराठीकरण हे खानदेशातील मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी एकत्र बसून एका सत्रात करता येण्याजोगे काम आहे.